लहान खोली, सहा स्पीकर आणि एक गोधडी

मध्यंतरी वाशीम जिल्ह्यातील एका शिक्षक मित्राच्या घरी मुक्कामाचा योग आला. मित्राने नुकतेच स्लॅबचे नवे घर बांधले आहे. बैठकीची खोली दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच. जमिनीला गुळगुळीत फरशी, भिंतींना तेलाचा रंग, एका बाजूस काचेचे शोकेस आणि चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या. शोकेसमध्ये दूरदर्शन संच आणि त्याच्याभोवती अकोल्याच्या बाजारातून आणलेला सहा पेट्यांचा 'सराउंड' ध्वनिसंच.

मित्राने मोठ्या हौसेने एक चित्रपट लावला. विमान उडाले तेव्हा खिडकीची तावदाने थरथरली. पण पात्रे बोलू लागली आणि शब्द काही नीट कळेनात. आवाज वाढवला तर गोंगाट वाढला, शब्द तसेच अस्पष्ट. मित्राच्या आई सत्तरी ओलांडलेल्या. त्या म्हणाल्या, "जुन्या घरी रेडू कसा साफ आयकू ये. अठी नुसता गलका होते."

मित्राची खरी अडचण पुढेच होती. त्याच्या शाळेतील एक रिकामी खोली दृक्‌श्राव्य वर्गासाठी तयार करायची होती. ती खोलीही जवळपास याच मापाची. गावकऱ्यांनी लोकवर्गणी जमवली होती आणि ध्वनिसंच निवडण्याचे काम त्याच्याकडे आले होते. तो म्हणाला, "माझे पैसे गेले ते गेले. गावाचे जायला नकोत. यापेक्षा जास्त वॅटचा संच घेऊ का?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही दोघांनी दोन दिवस त्या खोलीत टाळ्या वाजवल्या, आरसे फिरवले आणि गोधड्या टांगल्या. त्यातून जे हाती लागले ते शिक्षक मित्रांना आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल म्हणून येथे मांडतो आहे.

खोली हाही एक स्पीकर आहे

स्पीकरमधून निघालेला ध्वनी कानापर्यंत दोन प्रकारे येतो. काही भाग सरळ येतो. उरलेला भाग भिंती, छत आणि जमीन यांवर आपटून, अनेक वेळा परावर्तित होऊन येतो. नववीच्या विज्ञानात आपण शिकवतो की, प्रतिध्वनी वेगळा ऐकू येण्यासाठी मूळ ध्वनी आणि परावर्तित ध्वनी यांत सुमारे ०.१ सेकंदाचे अंतर हवे, म्हणजे परावर्तक पृष्ठभाग साधारण १७ मीटर दूर हवा. विजापूरच्या गोलघुमटात ही अट सहज पूर्ण होते. दहा फुटांच्या, म्हणजे सुमारे ३ मीटरच्या खोलीत ध्वनी समोरच्या भिंतीवर जाऊन परत यायला केवळ १८ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे येथे प्रतिध्वनी वेगळा ऐकू येत नाही. पण याचा अर्थ तो नसतो असे नव्हे. शेकडो परावर्तने एकमेकांत मिसळून मूळ ध्वनीच्या मागे एक शेपूट तयार होते. यालाच निनाद म्हणतात.

बोलणे समजण्याच्या दृष्टीने ही शेपूट घातक ठरते. 'पाट' आणि 'पाठ', 'वाट' आणि 'वात' हे शब्द उच्चारून पाहा. त्यांतील 'आ' हा स्वर लांब आणि जोरकस आहे. दोन शब्दांतील फरक मात्र व्यंजनात आहे आणि व्यंजन क्षणभर टिकणारे, दुबळे आणि बरेचसे उच्च वारंवारतेचे असते. खोलीत 'आ' रेंगाळत राहिला की पुढचे व्यंजन त्याखाली बुडते. आवाज वाढवला तर स्वर आणि व्यंजन दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात, शेपूटही तेवढीच वाढते. म्हणून गोंगाट वाढतो, स्पष्टता वाढत नाही. वयोमानानुसार माणसाची श्रवणशक्ती प्रथम उच्च वारंवारतेलाच कमी होते. म्हणून हा त्रास घरातल्या वडीलधाऱ्यांना सर्वांत आधी जाणवतो. मित्राच्या आईंची तक्रार भौतिकशास्त्राला धरूनच होती.

सॅबिनच्या गाद्या

निनादाचे गणित प्रथम मांडले ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने. १८९५ मध्ये विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातील नवे व्याख्यानगृह निरुपयोगी ठरले होते. तेथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. सॅबिनकडे ध्वनी मोजणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे नव्हती. एक ऑर्गनची नळी, एक घड्याळ आणि स्वतःचे कान एवढ्यावर तो रात्रीच्या शांततेत मोजमापे घेई. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या तो व्याख्यानगृहात आणून मांडी, निनाद किती कमी झाला ते मोजी आणि गाद्या परत जागेवर पोचवी. या खटाटोपातून त्याला एक साधे सूत्र मिळाले:

निनादकाल (सेकंद) = ०.१६ × खोलीचे घनफळ (घनमीटर) ÷ एकूण शोषण (चौरस मीटर)

यातील शोषण मोजण्याचे सॅबिनचे एकक मोठे मजेदार आहे. उघड्या खिडकीतून गेलेला ध्वनी परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक एकक शोषण. इतर पृष्ठभाग त्याच्या किती अंशी शोषतात ते गुणांकाने सांगतात. गुळगुळीत गिलावा, फरशी आणि काच यांचा गुणांक मध्यम वारंवारतेला सुमारे ०.०३ असतो. म्हणजे शंभरातले सत्त्याण्णव भाग ते परत पाठवतात.

आता मित्राच्या खोलीचे गणित करू. घनफळ सुमारे ३४ घनमीटर. सर्व भिंती, छत आणि जमीन मिळून पृष्ठफळ सुमारे ६३ चौरस मीटर. ते ०.०३ ने गुणले की शोषण आले १.९. सूत्रात घालता निनादकाल येतो २.९ सेकंद. लहान खोलीत हे सूत्र अगदी काटेकोर लागू पडत नाही. पण अंदाज बांधायला ते पुरेसे आहे. बोलणे स्पष्ट कळण्यासाठी एवढ्या खोलीत निनादकाल अर्ध्या सेकंदाच्या आसपास असावा.

मग जुन्या घरात रेडिओ स्पष्ट का ऐकू येत होता? ते धाब्याचे घर होते. मातीच्या ओबडधोबड भिंती, त्यांत कोनाडे, कोपऱ्यात धान्याची पोती, वळचणीला कापूस, दांडीवर गोधड्या आणि दिवसभर उघडे दार. सॅबिनच्या भाषेत सांगायचे तर ते घर शोषकांनी भरलेले होते. नव्या घरात आपण फरशी, काच आणि तेलाचा रंग आणला आणि नकळत सॅबिनचे व्याख्यानगृह उभे केले.

आम्ही जमिनीवर जाड सतरंजी अंथरली, खिडकी-दाराला भरपूर चुण्या असलेले पडदे लावले, लाकडी पलंग गादीसह आत आणला आणि मागच्या भिंतीवर दुहेरी गोधडी टांगली. चार माणसे बसल्यावर शोषण अंदाजे ९ चौरस मीटरपर्यंत गेले, म्हणजे निनादकाल उतरला ०.६ सेकंदावर. संच तोच, आवाजाची खूणही तीच. फक्त आता शब्द कळू लागले होते.

गोधडी कोठे टांगावी हे ठरवायला प्रकाशाचा नियम कामी येतो. एकाने ऐकण्याच्या जागी बसावे आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून कानाच्या उंचीला आरसा सरकवत न्यावा. बसलेल्यास आरशात जेथे स्पीकर दिसेल, तेथूनच पहिले परावर्तन येते. कारण आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असण्याचा नियम ध्वनीलाही लागू आहे. तेवढी जागा झाकली तरी बराच फरक पडतो.

आपल्याला दिशा कशी कळते?

'सराउंड'चा सारा खेळ दिशेच्या जाणिवेवर आहे. आपल्या दोन कानांत जेमतेम १७-१८ सेंटिमीटर अंतर आहे. उजवीकडून आलेला ध्वनी डाव्या कानाला जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि मेंदू तेवढ्यावरून दिशा ठरवतो. उच्च वारंवारतेला डोक्याची सावली पडते, त्यामुळे दोन कानांतील तीव्रतेचा फरकही मदतीला येतो. लॉर्ड रॅले याने हा दुहेरी खुलासा १९०७ मध्ये केला. १९३१ मध्ये इंग्लंडमधील अ‍ॅलन ब्लुमलाइन याने दोन वाहिन्यांच्या स्टीरिओ ध्वनीचे पेटंट मागितले. आपल्याकडे १९७५ मध्ये 'शोले' ७० मिलिमीटरच्या पडद्यावर स्टीरिओ ध्वनीसह आला, तेव्हा मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात प्रेक्षकांना दिशायुक्त ध्वनीची गोडी लागली. चित्रपटगृहात अंकीय स्वरूपाचा बहुवाहिनी ध्वनी १९९२ पासून रुळू लागला आणि पुढे तोच घरात आला. '५.१' याचा अर्थ पाच पूर्ण वाहिन्या आणि फक्त सुमारे १२० हर्ट्झपर्यंतच्या खर्जाची एक वाहिनी. मधला स्पीकर मुख्यतः संवादांसाठी, डावा-उजवा संगीत आणि हालचालींसाठी, मागचे दोन वातावरणासाठी.

पण चित्रपटगृह आणि दहा बाय बाराची खोली यांत एक मूलभूत फरक आहे. मित्राच्या खोलीत पुढचे स्पीकर त्याच्या खुर्चीपासून २.४ मीटरवर आणि मागचे ०.९ मीटरवर होते. मागचा ध्वनी ४.३ मिलिसेकंद आधी पोचत होता आणि जवळ असल्यामुळे सुमारे साडेआठ डेसिबेलने मोठा वाटत होता. १९४९ मध्ये जर्मनीतील हेल्मुट हास याने दाखवले की, एकच ध्वनी दोन ठिकाणांहून काही मिलिसेकंदांच्या अंतराने आला, तर मेंदू पहिल्या ध्वनीचीच दिशा खरी धरतो. नंतरचा ध्वनी थोडा मोठा असला तरीही. मित्राचा संच दोन वाहिन्यांचे बोलणे मागच्या पेट्यांतूनही काढत होता. साहजिकच नायक पडद्यावर बोले आणि आवाज मानेमागून येई!

चांगल्या संचात प्रत्येक स्पीकरचे अंतर नोंदवण्याची सोय असते. अंतर नोंदवले की यंत्र जवळच्या स्पीकरला हिशोबाने उशीर करते, दर मीटरला सुमारे २.९ मिलिसेकंद. पातळीही वेगवेगळी ठरवता येते. ही सोय नसलेला सहा पेट्यांचा संच लहान खोलीसाठी घेऊ नये. पुढचे दोन स्पीकर श्रोत्याच्या नाकासमोरील रेषेशी दोन्हीकडे ३० अंशांचा कोन करतील असे ठेवावेत. ते दोन आणि श्रोता मिळून समभुज त्रिकोण होतो. मागचे दोन ११० अंशांवर, म्हणजे कानाच्या किंचित मागे, बाजूच्या भिंतीवर आणि कानापेक्षा दोन फूट वर लावावेत.

खर्जाचे डबके

खर्जाची पेटी मित्राने कोपऱ्यात ठेवली होती. काही स्वर कानठळ्या बसवत आणि काही गायबच होत. याचे कारण स्थिर तरंग. दोन समोरासमोरच्या भिंतींत अर्धी तरंगलांबी नेमकी बसली की ती वारंवारता खोलीत साठते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४६ मीटर धरला तर १२ फुटांच्या लांबीसाठी ही वारंवारता येते ४७ हर्ट्झ आणि १० फुटांच्या रुंदीसाठी ५७ हर्ट्झ. उंचीही १० फूटच, म्हणून पुन्हा ५७! दोन मापे सारखी असल्याने तो एक स्वर दुप्पट माजतो. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची शक्यतो वेगवेगळी असावी ती यासाठी.

या तरंगात दाबाचा चढउतार भिंतीशी सर्वाधिक आणि मधोमध सर्वांत कमी असतो. कोपरा तर तीन पृष्ठभागांचा शेजारी, म्हणून तेथील पेटी सर्वच स्थिर तरंगांना चेतवते. गोधडीचा येथे उपयोग नाही. ४७ हर्ट्झची तरंगलांबी सात मीटरहून अधिक आणि गोधडीची जाडी बोटभर. जागा बदलणे हाच स्वस्त उपाय. त्यासाठी एक युक्ती आहे. पेटीच ऐकण्याच्या जागी ठेवावी, खर्जाचे संगीत लावावे आणि आपण पुढच्या भिंतीलगत गुडघ्यांवर सरकत ऐकावे. जेथे सर्व स्वर समतोल वाटतील, तेथे पेटी ठेवावी. स्रोत आणि श्रोता यांची अदलाबदल केली तरी परिणाम तोच राहतो, या तत्त्वावर ही युक्ती आधारलेली आहे.

सुमारे ८० हर्ट्झच्या खालच्या ध्वनीची दिशा आपल्याला कळत नाही. म्हणून खर्जाला एकच पेटी पुरते. मात्र स्वस्त संचांतील इवलेसे स्पीकर १५०-२०० हर्ट्झच्या खाली दम सोडतात आणि पुरुषी आवाजाचा काही भाग खर्जाच्या पेटीकडे जातो. अशा वेळी ती पेटी पुढे, दूरदर्शन संचाजवळच हवी.

वॅटचे आकडे

आता मित्राच्या मूळ प्रश्नाकडे वळू. जास्त वॅट हवे का? साधारण स्पीकर एक वॅट शक्तीवर एक मीटर अंतरावर सुमारे ८६ डेसिबेल पातळी देतो. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत ६ डेसिबेल कमी होतात, म्हणजे दोन मीटरवर ८०. माणसांचे साधे बोलणे ६० ते ६५ डेसिबेलच्या आसपास असते. म्हणजे या खोलीत एक वॅटही भरपूर झाला! अचानक येणाऱ्या मोठ्या आवाजांसाठी दहापट राखीव धरली तरी दर स्पीकरला दहा-वीस वॅट पुरतात. शिवाय शक्ती दुप्पट केल्याने पातळी फक्त ३ डेसिबेलने वाढते. आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते.

खोक्यावर 'पीएमपीओ' या नावाने छापलेल्या हजारो वॅटना अर्थ नाही. तो क्षणिक कमाल शक्तीचा, कोणत्याही सर्वमान्य मोजपट्टीवर न बसणारा आकडा असतो. पाहायचा तो 'आरएमएस' आकडा. त्याचीही शंका आली तर यंत्राच्या पाठीवरची पट्टी वाचावी. तेथे वीजवापर ६० वॅट लिहिला असेल तर ते यंत्र सतत ६० वॅटपेक्षा अधिक ध्वनिशक्ती देऊ शकणार नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम विक्रेत्यालाही लागू आहे. कानांचेही एक अंदाजपत्रक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी आठवड्यात ४० तास ८० डेसिबेल आणि मुलांनी ७५ डेसिबेल ही मर्यादा पाळावी.

महागड्या तारांचेही तसेच. एक चौरस मिलिमीटर जाडीची साधी तांब्याची तार पाच मीटर नेली तर जाऊन-येऊन रोध होतो सुमारे ०.१७ ओहम. सहा-आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे.

तर मग काय घ्यावे?

दुकानात जाण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, आपण ऐकणार काय? बातम्या, बऱ्याच मालिका आणि जुने चित्रपट दोन वाहिन्यांचेच असतात. त्यांच्यासाठी सहा पेट्यांची गरज नाही. दुसरी, जोडणी कोणती? दोन पिनांच्या साध्या तारेतून दोनच वाहिन्या जातात. खरा ५.१ ध्वनी हवा असेल तर संचाला ऑप्टिकल किंवा एचडीएमआय खोबण आणि ५.१ ध्वनी उलगडणारी मंडल-रचना हवी. अनेक स्वस्त संचांत ही नसते. तेथे दोन वाहिन्याच सहा पेट्यांत वाटल्या जातात. तिसरी, अंतर आणि पातळी वेगवेगळी ठरवता येते का?

पैसे बेताचे असतील तर क्रम असा ठेवावा: आधी खोलीतील शोषण, मग पुढचे दोन चांगले स्पीकर, मग मधला, त्यानंतर खर्जाची पेटी आणि सर्वांत शेवटी मागचे दोन. त्याच रकमेत सहा सुमार पेट्या घेण्यापेक्षा दोन-तीन चांगल्या घ्याव्यात.

मित्राच्या घरी आम्ही मधला स्पीकर काचेच्या शोकेसमधून बाहेर काढून पडद्याखाली, कानाच्या दिशेने किंचित वर वळवून ठेवला. मागच्या दोन पेट्यांना उशीर देण्याची सोय नव्हती, म्हणून त्यांच्या तारा सोडवल्या. खर्ज निम्म्यावर आणला. त्या रात्री आई शेवटपर्यंत बसून चित्रपट पाहत होत्या आणि मध्येच कोणी बोलले तर त्यांनाच गप्प करत होत्या.

शाळेचा निर्णय मात्र वेगळा झाला आणि तोही गणितानेच. घरी श्रोता एका जागी बसतो. शाळेत वीस मुले पुढेमागे दाटीवाटीने बसणार. मागच्या स्पीकरपाशी बसलेल्या मुलाला फक्त मागचाच आवाज येईल. सर्वांसाठी योग्य असे एकच स्थान तेथे नसतेच, तेव्हा मागचे स्पीकर बाद. दुसरे असे की, मुले स्वतःच उत्तम शोषक आहेत. प्रत्येकी ०.३५ धरले तरी वीस मुलांचे ७ चौरस मीटर शोषण होते आणि निनादकाल सुमारे ०.६ सेकंदावर येतो. म्हणून संचाची परीक्षा रिकाम्या खोलीत घेऊ नये. मुले बसवून घ्यावी. पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या मुलांच्या डोक्यांच्या वर, खाली झुकवलेले दोन चांगले स्पीकर आणि मागच्या भिंतीवर पालकांनी दिलेल्या दोन जुन्या गोधड्या एवढेच ठरले. वर्गणीतून उरलेली रक्कम प्रयोगशाळेकडे वळली.

वर्गात करून पाहा

रिकाम्या आणि भरलेल्या वर्गात एकेक टाळी वाजवून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि कोणती शेपूट लांब आहे ते ऐका. वर्गाची मापे घेऊन सॅबिनच्या सूत्राने निनादकाल काढा. मग एका विद्यार्थ्याला फळ्यापाशी उभे करून 'पाट, पाठ, वात, वाट' असे वीस शब्द उलटसुलट वाचायला सांगा आणि शेवटच्या बाकावरील मुलांना ते लिहू द्या. चुका मोजा. वर्गात पोती, सतरंज्या किंवा पडदे लावून पुन्हा मोजा. आपल्या वर्गात मागे बसणारी मुले ऐकत नाहीत, की त्यांना ऐकूच येत नाही, याचे उत्तर त्या दोन आकड्यांतील फरकात सापडेल.